आहारातील मेदाम्ले : खानदेशच्या स्वयंपाकघरातून

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह यांचे निदान झालेला रुग्ण औषधांची चिठ्ठी घेऊन उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतो, ‘डॉक्टर, आता तेल-तूप अगदी बंद ना?’ त्याच दिवशी, त्याच रांगेत, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्यावरून कृश मूल कडेवर घेऊन आलेली माता बसलेली असते. तिला मात्र आम्हांस सांगावे लागते, ‘ताई, बाळाच्या पेजेत चमचाभर तेल घालत जा.’ एकाच जिल्ह्यातील दोन घरे, एकच तेल आणि दोन परस्परविरुद्ध सल्ले! यातील कोणता सल्ला खरा, असा संभ्रम वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. वास्तविक दोन्ही सल्ले खरे आहेत. ते खरे का, हे समजण्यासाठी तेल-तुपाच्या मुळाशी असणाऱ्या मेदाम्लांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

मेदाम्ल म्हणजे काय?

तेल, तूप, लोणी, चरबी हे सर्व स्निग्ध पदार्थ रासायनिक दृष्ट्या एकाच घराण्यातील आहेत. ग्लिसरॉल नावाच्या एका लहान रेणूस तीन मेदाम्ले जोडली गेली, की स्निग्ध पदार्थाचा एक रेणू तयार होतो. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. तिच्या एका टोकास आम्लधर्मी गट असतो. लोण्यातुपात आढळणाऱ्या ब्युटिरिक आम्लाची साखळी अवघ्या ४ कार्बनची, पामतेलातील पामिटिक आम्लाची १६ कार्बनची, तर आपल्या नेहमीच्या खाद्यतेलांतील बहुतेक मेदाम्लांची साखळी १८ कार्बनची असते.

या साखळीतील कार्बनचे सर्व अणू हायड्रोजनने पूर्ण भरलेले असतील, तर त्या मेदाम्लास संपृक्त म्हणतात. साखळीत एखाद्या ठिकाणी हायड्रोजनची जागा रिकामी राहून तेथे दुहेरी बंध निर्माण झाला असेल, तर ते एकअसंपृक्त. असे दोन किंवा अधिक बंध असतील, तर ते बहुअसंपृक्त. ओलेइक आम्लात असा एक बंध असतो, लिनोलेइक आम्लात दोन आणि अल्फा-लिनोलेनिक आम्लात तीन.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. संपृक्त साखळी सरळ असते. नैसर्गिक तेलातील असंपृक्त साखळी मात्र दुहेरी बंधापाशी वाकते. शेतातून तुराट्यांची मोळी बांधून आणणाऱ्यास हे सांगावयास नको, की सरळ काड्या एकमेकींस चिकटून घट्ट बसतात. बोरी-बाभळीच्या वेड्यावाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी सैलच राहते. सरळ साखळ्यांचे तूप आणि खोबरेल थंडीत गोठते, वाकड्या साखळ्यांचे करडईचे तेल पातळ राहते, त्याचे कारण हेच. बहुअसंपृक्त मेदाम्लांस मोकळ्या बंधांपाशी हवेतील प्राणवायूचा संयोग चटकन होतो. म्हणूनच जवसाचे तेल उघडे राहिल्यास लवकर खवट होते आणि पातळ थर दिल्यास वाळून कडक होते. रंगकामात त्याचा उपयोग करतात, तो याच गुणामुळे.

शरीरातील कार्य

स्निग्ध पदार्थांकडे केवळ ‘चरबी वाढविणारे’ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. एक ग्रॅम स्निग्धांशापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते; पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून सुमारे ४. ज्या हृदयाच्या भीतीने आपण तेल सोडू पाहतो, ते हृदय आपल्या अखंड श्रमासाठी लागणारी बहुतांश ऊर्जा मेदाम्लांपासूनच मिळवते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या संगतीनेच आतड्यात शोषली जातात. पालेभाजीस तेलाची फोडणी देण्याची रीत त्यामुळे शास्त्रसंमत ठरते.

याहूनही महत्त्वाचे कार्य म्हणजे शरीराची घडण. प्रत्येक पेशीभोवतीचे आवरण प्रामुख्याने मेदाम्लयुक्त रेणूंचे बनलेले असते. त्या आवरणाची लवचीकता त्यात वाकड्या साखळ्या किती आहेत, यावर अवलंबून असते. मेंदूच्या शुष्क वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा आहे, आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात डीएचए हे ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल मोठ्या प्रमाणात असते. रक्त गोठणे, दाह, रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण यांवर नियंत्रण ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन्स शरीर मेदाम्लांपासूनच तयार करते. या संशोधनाबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन या तीन शास्त्रज्ञांस १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. भाकरीपासूनही ती तयार होतात. दोन मात्र त्यास तयार करता येत नाहीत. ती म्हणजे ओमेगा-६ वर्गातील लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ वर्गातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांस पूर्णतः स्निग्धांशविरहित आहार देऊन पाहिला. इतर सर्व अन्नघटक पुरेसे असूनही उंदरांची वाढ खुंटली व त्वचा खवल्यांसारखी झाली. लिनोलेइक आम्ल अल्प प्रमाणात देताच त्यांची प्रकृती सुधारली. तेव्हापासून अशा मेदाम्लांस ‘आवश्यक मेदाम्ले’ ही संज्ञा मिळाली.

कोणत्या तेलात काय?

कोणतेही तेल केवळ एका प्रकारच्या मेदाम्लांचे नसते. प्रत्येकात तिन्ही प्रकार कमी-अधिक असतात. बियाण्याचा वाण व हवामान यांनुसार त्यांत फरक पडतो. तथापि, साधारण अंदाज यावा म्हणून पुढील आकडे दिले आहेत. (अनुक्रमे संपृक्त, एकअसंपृक्त व बहुअसंपृक्त मेदाम्लांचे स्थूल प्रमाण, टक्के.)

शेंगदाणा तेल : २०, ५०, ३०
सरकीचे तेल : २७, १९, ५४
तिळाचे तेल : १५, ४२, ४३
करडईचे तेल : १०, १४, ७६
सोयाबीन तेल : १५, २४, ६१
जवसाचे तेल : १०, २०, ७०
पामतेल : ५०, ४०, १०
खोबरेल : ९१, ७, २
साजूक तूप : ६५, ३१, ४

संपृक्त मेदाम्ले आहारात अधिक झाली, की यकृताची रक्तातील एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याची क्षमता मंदावते. ते रक्तात साचते आणि वर्षानुवर्षांनी हृदयाच्या रोहिणीत थर धरते. संपृक्ताच्या जागी असंपृक्त मेदाम्ले घेतल्यास एलडीएल उतरते. एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदाम्लांचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे तेलाच्या पिशवीवर ठळकपणे छापलेले असते. त्यास भुलण्याचे कारण नाही. कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थ असून कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात तो नगण्यच असतो.

या दृष्टीने पाहता खानदेशचा परंपरागत आहार निर्धन म्हणता येणार नाही. गरम खिचडीवर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर घेतले जाणारे कच्चे शेंगदाणा तेल, तिळाची आणि खुरासणीची चटणी यांतून ओलेइक व लिनोलेइक आम्लांचा चांगला पुरवठा होतो. कापसाच्या या प्रदेशात सरकीचे तेलही ओघानेच आले. कच्च्या सरकी तेलात गॉसिपॉल नावाचा विषारी रंगद्रव्याचा अंश असतो. तेल शुद्ध करताना तो काढून टाकला जातो, म्हणून सरकीचे तेल शुद्ध केलेलेच वापरावे.

उणीव आहे ती ओमेगा-३ ची. शेंगदाणा, सरकी, तीळ, करडई यांपैकी कोणत्याही तेलात ते जवळपास नसते. समुद्र दूर, मासे खाणारे थोडे, आणि शाकाहारी कुटुंबे पुष्कळ. येथे जवस उपयोगी पडतो. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. १० ग्रॅम जवसातून ते दोन ग्रॅमहून थोडे अधिक मिळते, आणि प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज सुमारे एक ते दीड ग्रॅम आहे. म्हणजे ताटाच्या कडेला दीड-दोन चमचे जवसाची चटणी असली तरी पुरे. मात्र जवस भाजून, कुटून घ्यावा. अख्खे बी न पचताच निघून जाते. जवसाचे तेल तळणीस वापरू नये. तसेच, शरीर या आम्लाचे डीएचएमध्ये फारच अल्प प्रमाणात रूपांतर करू शकते. म्हणून जे मासे खातात, त्यांनी ते सोडू नयेत.

अमळनेरचा कारखाना आणि वनस्पती तूप

मेदाम्लांच्या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अमळनेर येथे उभा राहिला. भुईमुगाचा मुलूख आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव, अशी ही जागा होती. येथे वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण तयार होऊ लागला. १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले, तेव्हा अमेरिकेत शिकत असलेले त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी धुरा हाती घेतली. तीच कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणक क्षेत्रात जगप्रसिद्ध झाली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी जपून ठेवलेल्या तिच्या समभागांची कथा खानदेशात सर्वश्रुत आहे.

वनस्पती तूप म्हणजे काय? पातळ तेल तापवून, निकेलच्या सान्निध्यात त्यातून हायड्रोजन वायू सोडला, की असंपृक्त साखळ्यांतील रिकाम्या जागा भरतात आणि तेल तुपासारखे घट्ट होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. भारतात १९३७ पासून ‘डालडा’ बाजारात आला आणि वनस्पती तुपास घरोघरी तेच नाव पडले. साजूक तूप न परवडणाऱ्या कुटुंबांस सणाचा लाडू आणि लग्नाची बुंदी या पदार्थाने मिळवून दिली. ते टिकाऊ होते, स्वस्त होते. साजूक तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात तिळाचे तेल मिसळणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले होते, कारण तिळाचे तेल साध्या रासायनिक परीक्षेत रंग दाखवते.

दोष निराळ्याच जागी होता, आणि अर्धशतकाहून अधिक काळ जगातील कोणासही तो पुरता उमगला नव्हता. हायड्रोजन सोडताना सर्वच बंध भरत नाहीत. उरलेल्यांपैकी काहींची दिशा उलटते आणि वाकडी साखळी बंध कायम राहूनही सरळ होते. हीच ट्रान्स मेदाम्ले. नाव असंपृक्ताचे, वागणूक संपृक्ताहून वाईट. नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की ट्रान्स मेदाम्ले घातक एलडीएल वाढवतातच. शिवाय हितकारक एचडीएल कमीही करतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून १९९३ मध्ये त्यांचा हृदयविकाराशी असलेला संबंधही पुढे आला. डेन्मार्कने २००३ मध्ये खाद्यपदार्थांतील स्निग्धांशात २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने वनस्पतीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील प्रमाण त्या मर्यादेच्या कित्येक पट आढळले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पुढे ही मर्यादा १० टक्क्यांवरून ५, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी उतरवत आणली.

कायद्याने मोठे काम केले आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. वनस्पती तुपातील ट्रान्स कमी झाले, तरी ते घट्ट राखण्यासाठी संपृक्त मेदाम्लांचा आधार घ्यावाच लागतो. खारी, टोस्ट, क्रीमरोल आणि बिस्किटे यांतून ते नकळत पोटात जाते. घरचे चमचाभर तूप भीतीने सोडून चहाबरोबर चार खाऱ्या खाणारे रुग्ण नेहमी भेटतात. त्यांनी सोडले ते थोडे आणि धरले ते अधिक, असा हा व्यवहार होतो. दुसरे असे, की तेल वारंवार तापवल्याने त्यात अनिष्ट संयुगे साचतात. अशा तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. घरी प्रयोगशाळा नसते; पण तेल काळसर झाले, फेस धरू लागले किंवा चटकन धूर येऊ लागला, की ते टाकून द्यावे. तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीस संपवावे. पुन्हा तळणीस घेऊ नये.

किती तेल पुरेसे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २५ ग्रॅम व स्त्रीस २० ग्रॅम दृश्य स्निग्धांश, म्हणजे वरून घेतलेले तेल, तूप व लोणी मिळून, पुरेसा होतो. मध्यम श्रमाच्या पुरुषास ३० व स्त्रीस २५, आणि कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास ४० व स्त्रीस ३० ग्रॅम. धान्य, डाळी, शेंगदाणे, दूध यांतून मिळणारा अदृश्य स्निग्धांश याहून निराळा.

रोज तोलून तेल कोणी घालत नाही. म्हणून एक सोपा हिशेब सांगतो. माणशी सरासरी २५ ग्रॅम धरल्यास चौघांच्या कुटुंबास दिवसाला १०० ग्रॅम, महिन्यास ३ किलो लागतात. आपल्याकडे अनेक घरी १५ किलोचा डबा आणण्याची पद्धत आहे. असा डबा, तूप-लोणी जमेस न धरताही, पाच महिने पुरावयास हवा. तो दोन-अडीच महिन्यांत तळ दाखवत असेल, तर घरात प्रत्येकाच्या वाट्यास दुप्पट तेल येत आहे, हे समजावे. डबा फोडला त्या दिवशीची तारीख त्यावर लिहून ठेवावी. एवढ्यानेच पुष्कळ उलगडा होईल.

शेवभाजीची तर्री आणि भरितावरचे तेल ही आपली आवड आहे, आणि ती टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. परंतु दिवसभर नांगर धरणाऱ्या आजोबांस जे तेल पचत होते, तेच दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या नातवास पचेल, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. ताट तेच राहिले, श्रम मात्र गेले.

जेथे तेल कमी पडते

आता त्या दुसऱ्या घराकडे वळू. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पट्ट्यात पावरा, भिल्ल, तडवी समाजाची वस्ती आहे. तेथील अनेक गरीब घरांत प्रश्न तेल अधिक होण्याचा नसून ते अगदीच कमी पडण्याचा असतो. मातेच्या दुधातील सुमारे निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते, तेव्हा बाळास पाण्यासारखी पातळ पेज मिळाली, तर त्याचे लहानसे पोट भरते. पण शरीराची गरज भागत नाही. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते आणि मेंदूस मेदाम्ले हवी असतात. याच वयात स्निग्धांशाची उपासमार झाली, तर पुढे ती भरून काढणे कठीण जाते.

उपाय महागडा नाही. पेज घट्ट करावी आणि प्रत्येक वाटीत लहान चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम, तेल किंवा तूप घालावे. वाटी तेवढीच राहते. पण तीत सुमारे ४५ किलोकॅलरींची भर पडते. शेंगदाण्याचा बारीक कूट मिसळल्यास प्रथिनेही मिळतात. जगभर तीव्र कुपोषित बालकांस दिल्या जाणाऱ्या उपचारात्मक आहाराचा आधारही शेंगदाण्याचीच पेस्ट आहे. लहान मुलांस अख्खे दाणे मात्र देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. अंगावर सूज असलेले, मरगळलेले किंवा अन्न नाकारणारे मूल घरी ठेवून पाहू नये. त्यास तातडीने रुग्णालयात आणावे.

सुखवस्तू घरांतही एक चूक होताना दिसते. वडिलांच्या हृदयविकारामुळे सर्व घराचे तेल-तूप तोडले जाते आणि त्यात दोन वर्षांचे मूल व गर्भवती सूनही भरडली जाते. पथ्य ज्याचे त्यास असावे. दोन वर्षांखालील बालकाच्या आहारातील स्निग्धांश कमी करू नये. गर्भवती व स्तनदा मातांस आवश्यक मेदाम्लांची गरज अधिक असते, आणि त्यांच्या ताटावरून ती पूर्ण झाली पाहिजे. सर्वांना वाढून झाल्यावर तळाशी उरेल त्यावर नव्हे.

थोडक्यात सांगावयाचे तर

एकाच तेलावर अवलंबून न राहता शेंगदाणा, तीळ, करडई, सोयाबीन यांपैकी तेले आलटून पालटून वापरावीत. जवसाची चटणी रोजच्या ताटात असावी. बैठे काम करणाऱ्याने साजूक तूप एखाद्या लहान चमच्याइतके घ्यावे. वनस्पती तुपातील पदार्थ व बेकरीचे पदार्थ शक्य तितके टाळावेत. तळणीचे तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. हृदयविकाराच्या रुग्णांनी आहारात बदल केला म्हणून आपल्या मनाने औषधे बंद करू नयेत. जवस किंवा दुसरे कोणतेही तेल औषधाची जागा घेऊ शकत नाही.

आरंभीच्या दोन प्रश्नांचे उत्तर आता वाचकांस मिळाले असेल. एकास तेल कमी करण्यास सांगणे आणि दुसऱ्यास वाढविण्यास सांगणे, यांत विसंगती नाही. ज्याच्या घरी १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपतो आणि ज्याच्या घरी पावशेर तेल महिनाभर पुरवावे लागते, अशी दोन्ही घरे तापीच्या एकाच खोऱ्यात नांदतात. दोन्ही घरची माणसे आमच्या दाराशी येतात. ती येण्यापूर्वीच त्यांच्या स्वयंपाकघरात थोडा बदल घडावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.